घेवडा युरिया का मागतो?

आज जरा सविस्तर लिहितोय. शेतीत नसाल तरी वाचा.

परवा कोरेगावकडे चुलत्यांच्या रानात गेलो होतो. आपला वाघ्या घेवडा. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला, साताऱ्याची शान वगैरे. अण्णा त्यात युरिया टाकत होते. मला बघून म्हणाले, "आरं, तूच सांगत असतोस ना, कडधान्य हवेतलं नत्र स्वतः घेतं म्हणून? मग ह्याला गोणी कशापायी लागती?"

प्रश्न बिनतोड होता. घरी आल्यावर वाचत बसलो.

१८८६ साली हेलरिगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वाटाण्यासारखी पिकं मुळावरच्या गाठींतल्या जीवाणूंच्या मदतीने हवेतलं नत्र वापरतात. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकने ते जीवाणू वेगळे करून दाखवले. पण सगळी कडधान्यं यात सारखी नसतात. सोयाबीन हुशार, घेवडा-राजमा कच्चा. उत्तर भारतातल्या सपाट प्रदेशात रब्बी राजम्याला हेक्टरी १०० ते १२० किलो नत्राची शिफारस असते, हरभऱ्याला २०-२५ किलो. एकराचा हिशोब केला तर हरभऱ्याला युरियाची अर्धी गोणी, राजम्याला दोनच्या वर!

घेवडा मूळचा असा आळशी होता का? तो मेक्सिको आणि अँडीज पर्वतातला. तिथे हजारो वर्षं तो मक्याच्या ताटावर चढून वाढला, वरखताशिवाय. मग जहाजातून बी जगभर गेलं, पण त्याच्याशी नीट जमणारे जीवाणू प्रत्येक मातीत भेटले नाहीत. शिवाय माणसाला पीक लवकर हवं होतं. झाड ७०-८० दिवसांत उरकलं तर गाठींना काम करायला वेळ कुठे मिळणार?

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विसाव्या शतकात कारखान्यातलं नत्र स्वस्त झालं आणि वाणांची निवड खत घातलेल्या प्लॉटवर होऊ लागली. मातीत आयतं नत्र असलं की झाड गाठी धरायचं टाळतं. मग कामसू झाड कुठलं आणि ऐतखाऊ कुठलं, हे निवडणाऱ्याला कळणार कसं?

हे उलटं फिरवता येतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेड ब्लिस यांनी मेक्सिकोचा काळा 'प्वेब्ला १५२' घेतला. नत्र मिळवण्यात तो पटाईत, पण उशिरा येणारा. त्याचा संकर केला मिशिगनच्या लवकर येणाऱ्या पांढऱ्या 'सॅनिलॅक'शी. पुढच्या पिढ्या नत्र कमी असलेल्या जमिनीत लावून, त्यातून निवडून, सॅनिलॅकपेक्षा जास्त नत्र मिळवणारे वाण तयार झाले. १९८९ मध्ये त्यांची नोंदही झाली. म्हणजे गुण संपला नव्हता, जुन्या गावरान बियाण्यात शिल्लक होता.

म्हणूनच मला काळजी वाटते ती आपल्या घराघरांतल्या जुन्या वाघ्याच्या बियाण्याची. मानांकनाचा फलक लागला, पण गाडग्यातलं बी टिकलं का? त्यातलं एखादं बिनखताचं तगणारं असेलही. ते कोणी तपासायच्या आत संपलं, तर परत कुठून आणणार?

अण्णांना सांगितलंय, या खरिपात दोन ओळी युरियाशिवाय ठेवा. फुलोऱ्यात चार-पाच झाडं अलगद खणून काढा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून लालसर-गुलाबी निघाली तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. सगळ्यात जास्त लाल गाठी ज्या ओळीत, तिचं बी वेगळं राखा. अण्णा हसले, पण दोन ओळी कबूल केल्या.

कृषी विद्यापीठांनीही गावरान बी गोळा करून बिनखताच्या प्लॉटवर तपासावं, ही माझी जाहीर मागणी आहे.

तुमच्याकडे आजीच्या काळातलं घेवड्याचं बी आहे का? असेल तर कमेंटमध्ये गाव लिहा. मूठभर मिळालं तरी मी न्यायला येईन.