अंबरातील नर आणि मादी भुंगेरे

अंबर म्हणजे प्राचीन वृक्षांच्या खोडातून पाझरलेली आणि कोट्यवधी वर्षांत दगडासारखी घट्ट झालेली राळ. घासल्यावर ती गवताची काडी ओढून घेते, म्हणून संस्कृतात तिला तृणमणी असे नाव आहे. ओल्या राळेत चिकटलेला कीटक कुजण्याआधीच तिच्यात बुडतो. त्यामुळे खडकातील ठशात सहसा न उरणारे बारीक अवयव, म्हणजे शृंगिकांच्या फांद्या, पायांवरचे केस आणि डोळ्यांची भिंगे, अंबरात जागच्या जागी राहतात. भुंगेऱ्यांमधील नर आणि मादी बहुतेक वेळा याच अवयवांवरून ओळखता येतात.

अनेक कुळांत नराला मादीचा गंध दुरून हेरावा लागतो. अशा नराच्या शृंगिका कंगव्यासारख्या किंवा पंख्यासारख्या फाटे फुटलेल्या असतात, तर मादीच्या साध्या असतात. काही कुळांत नराचे डोळे मोठे असतात. काहींत मादीच्या गुळगुळीत पाठीवर पकड बसावी म्हणून नराच्या पुढच्या पायांची टोके रुंद व केसाळ असतात. मादीचे उदर अंड्यांमुळे भरदार दिसते आणि कधी त्याच्या टोकाला अंडी घालण्याची नळी बाहेर आलेली असते. काजव्यांच्या काही जातींत आणि त्यांच्या जवळच्या काही कुळांत तर मादीला पंखच फुटत नाहीत; वयात आल्यावरही ती अळीसारखीच राहते.

हे भेद अभ्यासता आले ते अंबराच्या व्यापारामुळे. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचे अंबर प्राचीन काळापासून रोमपर्यंत जात होते. अंबर झाडाच्या रसापासून बनते आणि म्हणूनच त्यात कीटक सापडतात, असे रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच लिहून ठेवले. मध्ययुगात या किनाऱ्यावर ट्युटॉनिक सरदारांची सत्ता आली आणि अंबर गोळा करण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला. ब्रूज आणि ल्यूबेक येथील कारागीर त्या अंबराच्या जपमाळा बनवत. कीटक असलेले खडे राजेरजवाड्यांच्या संग्रहांत जाऊ लागले. ड्रेस्डेन येथील अशा संग्रहाचे वर्णन करणारा नाथानाएल झेंडेल यांचा ग्रंथ 1742 मध्ये प्रसिद्ध झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्टांटीन आणि बेकर या कंपनीने वाफेच्या यंत्रांनी याच किनाऱ्यावरच्या खाडीचा तळ उपसायला सुरुवात केली, आणि पुढे पाल्मनिकेन येथे खाणी खोदल्या. हाताने वेचलेल्या अंबराच्या मानाने माल कितीतरी पटींनी वाढला आणि त्याबरोबर कीटकांचे नमुनेही वाढले. कंपनीच्या संग्रहाची व्यवस्था पाहणारे रिचर्ड क्लेब्स यांनी 1910 मध्ये स्वतःच्या संग्रहातील भुंगेऱ्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली.

याच काळातला एक नमुना या विषयात महत्त्वाचा ठरला. डान्त्सिग येथील शिक्षक आंटोन मेंगे यांनी 1866 मध्ये बाल्टिक अंबरातील एका इवल्याशा कीटकाचे वर्णन केले. आज तो मेंगेआ टर्शिआरिआ या नावाने ओळखला जातो. तो स्ट्रेप्सिप्टेरा गणातला आहे. हा गण भुंगेऱ्यांचा सर्वांत जवळचा नातलग असल्याचे 2012 मध्ये जनुकीय पुराव्याने स्पष्ट झाले. मेंगे यांचा नमुना पंख असलेला नर होता. या गणातील मादीला पंख नसतात. बहुतेक जातींत ती दुसऱ्या कीटकाच्या शरीरातच जन्म काढते. प्रौढ नर जेमतेम काही तास जगतो, पण तेवढ्या वेळात मादीच्या शोधात सतत उडत राहतो. राळेत सापडण्याचा धोका अर्थात उडणाऱ्याला अधिक. म्हणून या गणाचे अंबरातील प्रौढ नमुने जवळजवळ सगळे नरांचे आहेत. पंखहीन माद्या असलेल्या भुंगेऱ्यांनाही हेच कारण लागू पडते. अंबरात नर जास्त मिळाले म्हणून त्या काळी नर जास्त होते, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

म्यानमारच्या काचिन प्रांतातील हुकाँग खोऱ्यातले अंबर बाल्टिक अंबराहून बरेच जुने आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रिट्झ नोएटलिंग यांनी 1890च्या दशकात तेथील खाणींची पाहणी केली, तेव्हा हे अंबर तुलनेने अलीकडचे मानले गेले. 1917 मध्ये टी. डी. ए. कॉकरेल यांनी त्यातील कीटकांवरून ते क्रिटेशस काळातले असावे असे सुचवले. 2012 मध्ये झिरकॉनच्या कणांवरून त्याचे वय सुमारे 9.9 कोटी वर्षे ठरले. याच अंबरातून 2021 मध्ये क्रेटोफेंगोडीस या भुंगेऱ्याची नोंद झाली. त्याच्या उदरावर प्रकाश देणारा अवयव आहे आणि शृंगिका फाटे फुटलेल्या आहेत. तो नर आहे. त्याच्या हयात नातलगांमध्ये मादी अळीसारखी असते.

नर आणि मादी रूपाने इतके वेगळे असले की त्यांना दोन निराळ्या जाती समजण्याची चूक सहज होते. जिवंत कीटकांत जोडी जुळताना पाहून ती सुधारता येते. अंबरात समागमाच्या स्थितीतच अडकलेली जोडी मिळाली तर असा पुरावा हाती येतो, पण तसे नमुने दुर्मीळ असतात. एरवी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे जननेंद्रिये. मात्र ती बहुधा उदराच्या आत असतात. सूक्ष्म सीटी तपासणीमुळे आता खडा न फोडता आतले अवयव पाहता येतात. मेंगेआ टर्शिआरिआच्या एका नराची अशी तपासणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि सुमारे 4.2 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या कीटकाचे स्नायूसुद्धा त्रिमितीत दिसले. जिथे अशी तपासणी झालेली नाही आणि बाहेरची खूणही स्पष्ट नाही, तिथे भुंगेऱ्याचे लिंग अनिश्चित असल्याची नोंद करणेच योग्य ठरते.