बेकार नाही, पण नोकरीलाही नाही

परवाच्या रविवारी बोईसरला मावशीकडे गेलो होतो. चहा घेता घेता मावसभावाला सहज विचारलं, "काय दादा, सध्या कुठे?" दादा आयटीआय झालेला फिटर, वय ४२. हसून म्हणाला, "तिथेच. मशीन तेच, ठेकेदार नवा. पाचवा!" मग जरा थांबून म्हणाला, "मी बेकार कधी नव्हतो रे, पण नोकरीला पण कधी नव्हतो."

परतताना डहाणू लोकलमध्ये हेच डोक्यात घोळत होतं.

तसं बघायला गेलं तर बोईसर-तारापूरला कामाची कमी असायला नको. १९६४ मध्ये अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, १९६९ मध्ये वीज सुरू झाली. देशातलं पहिलं केंद्र! सत्तरच्या दशकात शेजारी एमआयडीसी आली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद... सगळंच. मग २००० ते २००६ मध्ये ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच उभे राहिले. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली.

गंमत अशी की मोठा प्रकल्प उभा करायला हजारो हात लागतात, पण चालवायला थोडेच, आणि तेही शिकलेले. गावातल्या माणसाला पहिल्या प्रकारचं काम मिळतं. ते स्लॅब पडेपर्यंत टिकतं. जमीन मात्र कायमची जाते.

कारखान्यातलं काम तरी पक्कं असेल म्हणावं, तर तिथे ठेकेदारी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जायची, आणि मग काढताना नोटीस, भरपाई वगैरे लागायची. म्हणून २४० भरायच्या आत 'ब्रेक' द्यायचा, ही युक्ती देशभर चालली. दादाने असे किती ब्रेक घेतले ते त्यालाही आठवत नाही.

आता बेकारीच्या आकड्यांकडे या. एक तर पालघर जिल्हाच झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधीचे सगळे आकडे ठाणे जिल्ह्यात, म्हणजे कल्याण, नवी मुंबई यांच्यासकट एकाच पातेल्यात. दुसरं म्हणजे मोजायची पद्धत. २०१७ पासून केंद्र सरकारचं जे श्रमबल सर्वेक्षण चालतं, त्यात वर्षात ३० दिवस काम केलेला माणूसही कामकरी धरला जाऊ शकतो. आठवड्याच्या हिशोबात तर एक तास पुरतो!

म्हणजे दादा त्यात बेकार नाही. जव्हार-मोखाड्याची जी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, तीही नाहीत. ते लोक त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये, देशात सगळ्यात आधी करणाऱ्या राज्यात!

आपल्या धंद्यात असं होतं ना? डॅशबोर्डवर सगळं हिरवं, आणि युजर फोन करून ओरडतोय. सर्व्हर चालू आहे एवढंच आपण तपासत असतो, काम होतंय का ते कोणी बघतच नाही.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा हे उघडं पडलं. ज्यांची नोकरी कागदावर होती त्यांचा निदान कागद तरी होता. दादाकडे दाखवायला फक्त जुना गेटपास.

आता वाढवण बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. खर्च सुमारे ७६ हजार कोटी, आणि रोजगार १२ लाख असं सरकार सांगतं. बंदर हवं की नको यावर किनाऱ्यावरचे मच्छीमार कित्येक वर्षं भांडतायत, तो वेगळा विषय. पण १२ लाख हा आकडा ऐकला की मला आता पुढचे प्रश्न पडतात. यातले बांधकामापुरते किती? बंदर चालवायला लागणारे किती? ठेकेदाराच्या नावावर किती? आणि त्यासाठी लागणारं शिक्षण डहाणू-पालघरच्या पोरांना आजपासून कोण देणार?

दादाचा मुलगा यंदा दहावीला आहे. "बंदरात लागेल का रे नोकरी?" असं दादाने निघताना विचारलं होतं. मी "बघू" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?