रायमुनिया : कुंडीतून जंगलात

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलात की भामरागडच्या थोडं अलीकडे हेमलकसा येतं. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे हे नाव तुम्ही ऐकलेलं असणारच. साग, बांबू, मोह, तेंदू यांचा हा मुलूख. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत फिरताना रस्त्याच्या कडेला, तोड झालेल्या मोकळ्या जागेत आणखी एक झुडूप दिसतं. पिवळ्या-गुलाबी फुलांचे गुच्छ, खरखरीत पानं, चुरगाळली की उग्र वास. विदर्भात तिला रायमुनिया म्हणतात, पुण्याकडे घाणेरी नाहीतर टणटणी. शास्त्रीय नाव लँटाना कॅमरा.

बऱ्याच जणांना ती इथलीच वाटते. प्रत्यक्षात ती जहाजातून, कुंडीत बसून, शोभेचं झाड म्हणून आली. म्हणून आजचा विषय : जिवंत रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतं.

लँटानाचं मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिका. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली. तिथल्या थंडीत ती उघड्यावर टिकेना, म्हणून श्रीमंतांच्या काचघरांत वाढवली गेली. रोपवाटिकावाल्यांनी वेगवेगळ्या जातींचे संकर केले : कुणाला मोठा गुच्छ हवा, कुणाला वेगळा रंग. असे शेकडो नावाचे वाण बाजारात आले. हा मुद्दा लक्षात ठेवा. आपल्या जंगलात पसरलेली लँटाना म्हणजे अमेरिकेतली मूळ रानटी जात जशीच्या तशी नाही. बागकामाच्या बाजाराने घडवलेलं ते एक संकरित मिश्रण आहे, आणि वेगवेगळ्या हवामानांत जुळवून घ्यायची तिची ताकद काही अंशी तिथूनच आली, असं मानलं जातं.

भारतात ती १८०९च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात पोचली. हे उद्यान ईस्ट इंडिया कंपनीचं, १७८७मध्ये स्थापन झालेलं. तेव्हा विल्यम रॉक्सबर्ग तिथे प्रमुख होते. अशी उद्यानं फक्त फिरायला नव्हती. ती रोपांची जंक्शनं होती : एका खंडातून माल उतरायचा, दुसऱ्या खंडात चढायचा. आपल्याकडे पुण्याजवळ दापोडीलाही १८२८मध्ये असंच सरकारी उद्यान उभं राहिलं.

तेव्हा समुद्रावर खारं वारं आणि गोड्या पाण्याची टंचाई यामुळे पुष्कळ रोपं वाटेतच मरत. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी यावर उपाय शोधला : बंद काचेची पेटी, जिच्यात मातीतला ओलावा आतल्या आत फिरत राहतो. १८३३मध्ये अशा पेट्यांतून रोपं लंडनहून सिडनीला जिवंत पोचली आणि व्यापाराचा वेग बदलला. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची हजारो रोपं याच पेट्यांतून भारतात आणली.

पण लँटाना कलकत्त्याहून मध्य भारतापर्यंत आली कशी? वाळवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या (कुठे तोडला, कधी तोडला), जुनी वनस्पती-सूची आणि उद्यानांच्या नोंदी जुळवून संशोधकांनी हा माग काढलाय. त्यातून दिसतं की ती एकदाच आली नाही, अनेकदा आणि अनेक ठिकाणी आणली गेली. छावण्यांमध्ये, बंगल्यांभोवती कुंपणाला लावली गेली, कारण ढोरं तिची पानं सहसा खात नाहीत. खाल्लीच तर विषबाधा होते. पुढचं काम पक्ष्यांनी केलं. बुलबुलांनी काळी फळं खाल्ली आणि बिया लांबवर टाकल्या. जिथे झाडं तोडून उजेड जमिनीपर्यंत पोचला, तिथे तिला आयती जागा मिळाली.

आता यातला सर्वांत बोलका प्रसंग. लँटाना आवरायला १९४१मध्ये ऑस्ट्रेलियातून तिचा रस शोषणारा एक किडा डेहराडूनला आणला गेला. चाचणीत कळलं की तो सागाच्या फुलांवरही जगतो. म्हणजे ज्या सागासाठी आलापल्लीची ख्याती, त्याच्याच मुळावर आला असता! साठा नष्ट करायचं ठरलं, पण किडा आधीच निसटला होता. तो देशभर पसरला आणि रायमुनिया काही संपली नाही.

मग कायदे नव्हते का? होते. द्राक्षवेलींबरोबर अमेरिकेतून युरोपात गेलेल्या फायलोक्सेरा किडीमुळे १८७८मध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतात १९१४चा किडी-रोगांविषयीचा कायदा आला. पण या विचारात शत्रू म्हणजे रोपाला चिकटून येणारी कीड. रोप स्वतःच उपद्रवी ठरू शकतं, हे मुख्य चिंतेत नव्हतं. आयातीच्या २००३च्या आदेशात मात्र तणांचीही यादी आहे. लँटाना त्याआधी जवळपास दोनशे वर्षं येऊन बसली होती.

२०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिचं भारतातल्या जंगलांमधलं क्षेत्र १.५४ लाख चौरस किलोमीटर असल्याचा अंदाज मांडला. पण आकड्यापेक्षा तिची जागा बघा. ती माणसाच्या कमरेच्या, खांद्याच्या उंचीला दाटी करते. तेंदूपत्ता खुडतात तो याच उंचीवर. मोहफुलं वेचायची ती झाडाखालच्या जमिनीवरून. चितळ-गव्यांचं गवतही तिथलंच. लँटाना जंगल नाहीसं करत नाही. लांबून सगळं हिरवंच दिसतं, फक्त माणसाच्या आणि जनावराच्या उपयोगाचा थर बंद होतो.

२००९मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. नंतर गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. हक्काबरोबर राखण्याची जबाबदारीही आली. रायमुनिया वरवर छाटली तर पुन्हा फुटते. तिचं मूळ मातीखाली थोड्या अंतरावर तोडावं लागतं, झुडूप उलटं करून ठेवावं लागतं आणि काही वर्षं नवी रोपं उपटत राहावी लागतात. हे सगळं मजुरीचं काम. लेडनच्या काचघरात, लंडनच्या रोपवाटिकेत किंवा कलकत्त्याच्या उद्यानात या मजुरीचा खर्च कुणीच रोपाच्या किमतीत धरला नव्हता. तो आज ग्रामसभेच्या हिशोबाच्या वहीत लिहावा लागतो.