कॉपी करावी, पण अजिंठ्याच्या पोरांसारखी!

आपल्या जिल्ह्यात 'कॉपी' म्हटलं की बारावीचं सेंटर आठवतं. कॉपीमुक्तीचा 'नांदेड पॅटर्न' इथलाच. ती कॉपी वाईटच, त्यात वाद नाही. पण चित्रकलेत एक कॉपी अशी आहे, जी केल्याशिवाय हात बसत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांचे पालक बऱ्याचदा म्हणतात, "पोरगं नुसतं बघून बघून काढतंय, स्वतःच्या मनानं कधी काढणार?" त्यांच्यासाठी ही पोस्ट. जरा लांब झालीय, पण शेवटपर्यंत वाचा.

जगात मोठे झालेले चित्रकार असेच शिकले. इटलीचा मायकेलअँजेलो पोरसवदा असताना आपल्या आधी दीडेकशे वर्षं होऊन गेलेल्या जोत्तोची चित्रं बघून रेखाटनं करायचा. त्यातलं एक आजही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पण एवढ्या लांब जायची गरज नाही. या विद्येचा मोठा इतिहास आपल्या मराठवाड्यात, अजिंठ्याला घडलाय.

१८१९ ला इंग्रज अधिकाऱ्यांना अजिंठ्याची लेणी दिसली. पुढं १८४४ मध्ये मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल यांना भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. गिलनी तिथंच आयुष्य काढलं. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. वीस वर्षांची मेहनत राख!

मग पाळी आली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची. १८५७ ला सुरू झालेल्या या शाळेत शिकवायची पद्धत विलायतेची. पोरांनी ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवायचे, तेच घोटून घोटून काढायचे. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला न्यायला सुरुवात केली. पेस्तनजी बोमनजी हे त्यातलं आज ओळखीचं असलेलं नाव. १८८५ पर्यंत हे काम चाललं. काल ज्यांच्यासमोर प्लास्टरचं ग्रीक डोकं होतं, त्यांच्यासमोर आता पद्मपाणी होता. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि लाजवर्दाचा निळा, एवढ्यावर उभं केलेलं काम! जुन्या कारागिरानं कुंचला एकदा टेकवला की लांबच्या लांब वळण न थरथरता काढलेलं, हे बघून ग्रिफिथ्स स्वतः थक्क झाले होते.

कॉपी इथं शिकवते. नुसतं बघणारा माणूस 'लई भारी' म्हणून पुढं जातो. नक्कल करणाऱ्याला मात्र बोटाची रेघ कुठं जाड होते, कुठं बारीक होते, मान किती कलली की दुःख दिसतं, हे शोधावंच लागतं. हात चुकतो, तेव्हा डोळा उघडतो.

या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्याही बऱ्याच जळाल्या. उरलेल्या आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांत ही चित्रं छापली. मधल्या काळात भिंतीवरचे पोपडे पडत राहिले. त्यामुळं जे मूळ चित्रात आज दिसत नाही, ते कधीकधी या नकलेत सापडतं.

आता आपल्याशी जवळचा भाग. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, आपलं हदगावही त्याच राज्यात. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम नावाच्या बाई पुन्हा नकला करायला आल्या, तेव्हा हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन त्यांच्या सोबत होते. हेच सय्यद अहमद पुढं अजिंठ्याचे क्युरेटर झाले. कलकत्त्याहून आलेल्या पोरांत नंदलाल बोस होते. होय, ज्यांनी पुढं शिष्यांना घेऊन आपल्या संविधानाची मूळ प्रत चित्रांनी सजवली, तेच. अजिंठ्यात त्यांच्या हातात बसलेली रेषा पुढं जन्मभर त्यांच्या कामात दिसते. कॉपी करून माणूस नकलाकार होतो, असं म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरे.

एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं. ते पुढं पिवळं पडलं आणि मूळ रंगांचं नुकसान झालं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून दोन तज्ज्ञ आणून डागडुजी करून घेतली. शिकताना मूळ वस्तूला धक्का लावायचा नाही, हा धडा त्यातूनच घ्यायचा.

आज काय चाललंय? पोरं मोबाइलवर फोटो ठेवतात, वरून कागद धरून छापतात. ती खरी कॉपी नव्हे, झेरॉक्स झाली. त्यात डोळा काहीच करत नाही. सहल अजिंठ्याला जाते, दहा मिनिटांत सेल्फी काढून गाडीत बसते.

म्हणून गुरुजनांना आणि पालकांना एक विनंती. अजिंठ्यात गर्दीमुळं बसायला मिळत नाही, हे मान्य. पण औंढ्या नागनाथाच्या भिंती आहेत, देगलूरजवळ होट्टलची चालुक्यांची मंदिरं आहेत. दगडातल्या मूर्ती, बघायला तिकीट लागत नाही. पोरांना वही-पेन्सिल देऊन एकाच मूर्तीसमोर दोन तास बसवा. खोडरबर देऊ नका. मूर्तीला हात लावू देऊ नका. पहिलं चित्र बिघडेल, दुसरंही बिघडेल. पाचव्या चित्राला पोरगं स्वतःहून सांगेल की कारागिरानं कंबरेचा बाक तसाच का काढलाय.

'स्वतःच्या मनानं कधी काढणार?' याचं उत्तर तिथून पुढं सुरू होतं.

तुमच्या शाळेनं असं काही केलं असेल, तर कमेंटमध्ये पोरांची चित्रं टाका. बिघडलेली असली तरी चालतील.