हाताने दूध काढणे (वाशीम जिल्हा)

हाताने दूध काढणे : नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीने पंपाशिवाय, केवळ स्वतःच्या बोटांच्या दाबाने अंगावरचे दूध स्वच्छ भांड्यात काढण्याची रीत. बाळ ओढू शकत नसेल, काचेच्या पेटीत ठेवलेले असेल, दुसऱ्या गावच्या रुग्णालयात हलवलेले असेल किंवा छाती दाटून गाठी झाल्या असतील, तेव्हा ही रीत लागते. तिला वीज लागत नाही आणि पैसाही लागत नाही. मात्र कोणीतरी शेजारी बसून ती नीट शिकवावी लागते, आणि नेमके तेवढेच पुष्कळदा राहून जाते.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि दर पाच माणसांपैकी चार खेड्यांत राहत होती. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमचा समावेश केला. जन्मतः १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३४ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ शासकीय निकषांनुसार नवजात अर्भकांच्या विशेष कक्षात दाखल करायचे असते. अधिक गंभीर बाळ अकोल्यासारख्या मोठ्या ठिकाणी पाठवले जाते, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर दूर. शस्त्रक्रियेने बाळंत झालेली आई त्याच दिवशी सोबत जाऊ शकत नाही. बाळाबरोबर वडील आणि आजी जातात. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशी पाठवणी त्यामुळे कमी होईल, ही अपेक्षा रास्त आहे. पण बाळ त्याच इमारतीत दोन मजले वर असले, तरी आईच्या दृष्टीने ते दूरच असते. या ताटातुटीत दूध टिकवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय तिच्या स्वतःच्या हातात असतो.

दूध तयार होण्यात दोन संप्रेरकांचा मुख्य वाटा आहे. प्रोलॅक्टिनमुळे दूध बनते, ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि घरोघरी तीच ठाऊक नसते: स्तनात साचून राहिलेले दूध पुढचे दूध बनणे थांबवते, आणि रिकामा झालेला स्तन पुन्हा लवकर भरतो. म्हणून ‘दूध उतरेल तेव्हा काढू’ म्हणून थांबणाऱ्या आईचे दूध कमीच पडते. अकाली जन्मलेल्या बाळाच्या आईने शक्य तर पहिल्या तासातच, निदान पहिल्या सहा तासांत दूध काढायला लागावे आणि रात्र धरून चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढावे. पहाटेची खेप चुकवू नये. पहिल्या दोन दिवसांत येतो तो चीक, घट्ट, पिवळसर आणि थेंबाथेंबाने. एका खेपेला चमचाभर निघाला तरी पुष्कळ झाला. पंपाच्या नळीत आणि बाटलीत हा चीक चिकटून वाया जातो. हाताने तो थेट वाटीत किंवा चमच्यात येतो. या दोन दिवसांसाठी हात पंपापेक्षा सरस आहे, असे ठामपणे म्हणता येते. पहिले दूध पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचा किंवा घुटी द्यायची, ही चाल काही घरांत अजून आहे. ती निरुपद्रवी नाही. रोगांशी लढणारी प्रतिपिंडे सर्वांत जास्त याच चिकात असतात.

रीत अशी. रुंद तोंडाची स्टीलची वाटी आणि चमचा पाण्यात दहा मिनिटे उकळून घ्यावा. हात साबणाने धुवावेत. पाठीला आधार देऊन बसावे, किंचित पुढे वाकावे, स्तनावर कोमट ओला कपडा ठेवावा आणि बोटांच्या पेरांनी हलके चोळावे. मग अंगठा वर आणि पहिली दोन बोटे खाली, बोंडापासून तीन-चार सेंटिमीटर मागे, काळसर वर्तुळाच्या कडेला ठेवावीत. आधी बोटे सरळ मागे, बरगड्यांच्या दिशेने दाबायची. मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे आणायची. मग सैल सोडायचे. मागे, जवळ, सैल, याच लयीत. बोटे कातडीवरून घसरू द्यायची नाहीत. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटे काहीच येत नाही, मग थेंब येतात, पान्हा फुटल्यावर बारीक धारा. ओघ मंदावला की बोटांची जागा वर्तुळाभोवती बदलायची. एका बाजूला तीन ते पाच मिनिटे, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली, असे वीस ते तीस मिनिटे.

दुभती जनावरे असलेल्या घरातल्या बाईचा हात इथे आपसूक चुकतो. गाय पिळताना सड धरून खाली ओढतात. इथे बोंड धरायचे नाही, ओढायचेही नाही, कारण त्याने दूध निघत नाही आणि बोंडाला चिरा पडतात. नीट काढले तर दुखत नाही. दुखत असेल तर बोटांची जागा चुकली आहे, असे समजून ती बदलावी. छाती इतकी दाटली असेल की बोटे रुतत नाहीत, तर बोंडाभोवती पाचही बोटांची टोके मिनिटभर हलके आत दाबून धरावीत. सूज मागे सरकते आणि दूध मोकळे होते.

शिकवणाऱ्या परिचारिकेने किंवा आशाताईने स्वतः आईचे स्तन पिळू नयेत. कापडाच्या नमुन्यावर किंवा स्वतःच्या कपड्यांवरून दाखवावे, मग आईच्या हाताने करवून घ्यावे आणि तिची बोटे कुठे आहेत ते पाहावे. दुसऱ्याच्या हातून काढलेले दूध एका खेपेपुरते. रात्री दोन वाजता तिचे तिलाच काढायचे असते. पडदा हवा, बसायला जागा हवी, आणि शिकवणारीकडे अर्धा तास हवा. गर्दीच्या बाळंतिणींच्या वॉर्डात हा अर्धा तास मिळत नाही, आणि मग ‘आईला दूधच नाही’ असा शेरा बसतो. तो बहुतेक वेळा खोटा असतो. सासूला आणि बाळंतिणीच्या आईला शेजारी बसवून दाखवले तर काम सोपे होते. घरी गेल्यावर बाळंतिणीला धीर देणाऱ्या किंवा खचवणाऱ्या त्याच असतात. अडचण आल्यावरच शिकवायचे, हा शिरस्ता सोडून घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळंतिणीकडून एकदा तरी करवून घ्यावे.

काढलेले दूध बाटलीने देऊ नये. ३४ आठवड्यांच्या आतील बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ साधत नाही; त्याला वाटी-चमच्याने, चोचीच्या पलाडीने किंवा नळीने पाजतात. जुन्या घरांतले बोंडले पलाडीच्याच जातीचे, पण त्याची चोच घासून, उकळून घेता आली तरच वापरावे. प्रमाण वजनावर ठरते. १६०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिलीच्या हिशेबाने ९६ मिली लागते. दर दोन तासांनी पाजले तर एका वेळी ८ मिली. हा आकडा आईला सांगावा. वाटीभर दूध निघत नाही म्हणून रडणाऱ्या बाईला आठ मिली म्हणजे किती, ते चमच्याने मोजून दाखवले की तिचा जीव भांड्यात पडतो.

दूध झाकून ठेवावे, वेळ लिहावी. २५ अंश तापमानापर्यंत ते चार तास चालते. पण वाशीमचा एप्रिल-मे चाळिशी ओलांडतो, तेव्हा ते लगेच पाजावे किंवा थंड ठेवावे. शीतकपाटात दाराजवळ न ठेवता आतल्या बाजूला ठेवून चोवीस तासांत संपवावे. उकळू नये, वाटी कोमट पाण्यात धरून गार मोडावे. अकोल्याला न्यायचे असेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा लागतो.

या शिक्षणामागे महाराष्ट्राचा स्वतःचा वारसा आहे. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली दुग्धपेढी उभी केली. ३ डिसेंबर १९९१ रोजी स्तनपान प्रसारासाठीचे देशव्यापी जाळे, बीपीएनआय, विदर्भातच, वर्ध्याला स्थापन झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना घरोघरी नवजात बालसेवेसाठी तयार केले. स्तनपानातल्या अडचणी सोडवणे हा त्यांच्या कामाचा भाग होता, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनी नवजात मृत्यू निम्म्याहून कमी होऊ शकतात हे दाखवले. त्या अनुभवातून २०११ मध्ये आशांच्या घरभेटींची राष्ट्रीय योजना आली: रुग्णालयातील बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. तिसऱ्या दिवसाची भेट इथे सर्वांत मोलाची, कारण दूध भरून छाती दाटण्याचा तोच सुमार असतो. २०१६ मध्ये स्तनपानाला चालना देणारा केंद्राचा ‘माँ’ कार्यक्रम सुरू झाला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपानाच्या चित्रफिती मराठीतही झाल्या. परदेशातील पुरावाही याच बाजूचा आहे. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नीट न पिणाऱ्या, पूर्ण दिवसांच्या बाळांच्या ६८ आयांपैकी काहींना हाताने, काहींना पंपाने दूध काढायला सांगितले. दोन महिन्यांनी पहिल्या गटात ९६ टक्के आणि दुसऱ्यात ७३ टक्के आया अंगावर पाजत होत्या. अभ्यास लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. डबाबंद दूध आणि बाटल्यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे; पंप त्या कायद्यात येत नाहीत, त्यामुळे शहरांतून त्यांचा प्रचार मोकळेपणाने चालतो आणि हाताची रीत मागे पडते.

जिल्ह्यात या रीतीची गरज रुग्णालयाबाहेरही आहे. सोयाबीनचे निंदण आणि सोंगणी मजूर बायांवर चालते; मानोऱ्याच्या तांड्यांतल्या आणि इतर गावांतल्या या बायांना पगारी बाळंतपणाची रजा नसते, आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की त्या वावरात जातात. निघण्यापूर्वी दूध काढून झाकून ठेवले आणि आजीला वाटी-चमच्याने पाजायला शिकवले, तर दुपारपर्यंत वरचे दूध लागत नाही. त्यापुढे थांबावे लागले तर शेतातही आडोशाला बसून एकदा दूध काढावे. तिथे ते साठवता येत नसले आणि टाकून द्यावे लागले तरी काढावेच, नाहीतर आठवडाभरातच दूध आटू लागते.