लहान मुलांसह स्कीइंग : ठिकाणाची निवड कशी करावी

हिमालयातील स्कीइंगच्या ठिकाणांचे वर्णन बहुधा सर्वांत उंच शिखर, सर्वांत लांब उतार आणि रज्जुमार्ग यांच्या आधारे केले जाते. चार ते दहा वर्षे वयाच्या मुलांच्या दृष्टीने मात्र या गोष्टी दुय्यम ठरतात. पायथ्याचा मंद उतार, तेथून जवळ असलेला निवास आणि मूल आजारी पडल्यास त्वरित खाली उतरण्याची सोय, हे तीन निकष अधिक महत्त्वाचे होत. गुलमर्ग, औली आणि सोलंग ही भारतातील तीन प्रसिद्ध ठिकाणे या निकषांवर एकमेकांहून बरीच भिन्न आहेत.

उंचीचा प्रश्न

समुद्रसपाटीपासून साधारणतः २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास जाणवू लागतो. मुंबई, पणजी किंवा चेन्नई येथून विमानाने निघालेले कुटुंब एका दिवसात या उंचीवर पोहोचू शकते. मोठी माणसे डोकेदुखीची तक्रार करतात. लहान मुलाला ती नीट सांगता येत नाही. ते किरकिर करते, जेवण नाकारते, उलटी करते किंवा रात्री झोपत नाही. ही लक्षणे प्रवासाच्या शिणाची समजून दुर्लक्षित होण्याचा धोका असतो. त्रास वाढत असल्यास मुलाला कमी उंचीवर नेणे हाच खात्रीचा उपाय आहे. म्हणून वाटेत कमी उंचीच्या गावी किमान एक रात्र मुक्काम करणे हिताचे ठरते.

गुलमर्ग

जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. येथील विस्तीर्ण पठारी कुरणावर हिवाळ्यात नवशिक्यांसाठी सौम्य उतार उपलब्ध असतात आणि अनेक हॉटेले त्यांच्या जवळच आहेत. दमलेल्या मुलाला दुपारी खोलीवर परत नेता येणे ही येथील मोठी सोय होय. श्रीनगरची उंची सुमारे १,६०० मीटर असल्याने पहिली रात्र तेथे काढणे सोयीचे पडते.

येथील गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटरवर, तर दुसरा टप्पा अफरवाट पर्वतावर सुमारे ३,९५० मीटरवर पोहोचतो. दुसरा टप्पा लहान मुलांसाठी टाळणेच योग्य. तेथील उतार अनुभवी स्कीपटूंसाठी असून हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. तंगमर्गपासून वरचा रस्ता हिमवृष्टीनंतर चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना गती मिळणाऱ्या वाहनांनीच पार करावा लागतो. निघण्यापूर्वी सुरक्षेविषयीच्या सरकारी सूचनाही पाहाव्यात.

औली

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील औलीचे उतार सुमारे २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान असून समोर नंदादेवीचे दर्शन घडते. गढवाल मंडल विकास निगमातर्फे येथे स्कीइंगचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. मात्र हृषीकेशहून ज्योतिर्मठापर्यंतचा, म्हणजे पूर्वीच्या जोशीमठापर्यंतचा, सुमारे २५० किलोमीटरचा घाटरस्ता पार करण्यात जवळपास पूर्ण दिवस जातो. गाडी लागणाऱ्या मुलांना हा प्रवास जड जातो आणि तातडीच्या प्रसंगी सुसज्ज मोठे रुग्णालय दूर राहते. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचल्यानंतर तेथून औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करण्यात आला होता. त्यामुळे प्रवासाचे नियोजन रस्त्याचा विचार करूनच करावे. स्थानिक चेअरलिफ्ट उघडी असल्याने लहान मुलाला तीत एकटे बसवू नये.

सोलंग

हिमाचल प्रदेशातील सोलंग मनालीपासून सुमारे १३ किलोमीटरवर असून त्याची उंची सुमारे २,५०० मीटर आहे. बहुतेक पर्यटक मनालीत, म्हणजे सुमारे २,००० मीटर उंचीवर, मुक्काम करतात. दिवसा वर जाणे आणि रात्री खाली झोपणे मुलांच्या प्रकृतीला मानवते. मनालीत दवाखाने व औषधांची दुकाने आहेत. उणीव अशी, की निवास उतारापासून दूर राहतो, हिमवृष्टीत रस्ता अडतो आणि गर्दीच्या दिवसांत त्याच मैदानावर स्नो-स्कूटर, घोडे व स्लेज फिरत असतात. शिकणाऱ्या मुलासाठी अशा वेळी सकाळची पहिली वेळ निवडावी.

हंगाम

शाळांची नाताळची सुटी आणि खात्रीचा बर्फ यांचा मेळ अनेकदा बसत नाही. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ सामान्यतः अधिक भरवशाचा. परंतु तोही निश्चित नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे जवळपास कोरडी होती, तर २०२५ मध्ये पुरेशा बर्फाअभावी तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. त्यामुळे तारीख बदलता येईल किंवा रद्द करता येईल असेच आरक्षण करावे.

साहित्य आणि प्रशिक्षक

भाड्याच्या दुकानांत मोठ्यांचे बूट सहज मिळतात, लहान मापांची मात्र टंचाई असते. मुलाच्या पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून दुकानदाराला आधीच कळवावी. सैल बुटात पाय हलतो आणि स्कीवर ताबा राहत नाही. स्कीची उंची मुलाच्या छाती ते हनुवटीइतकी असावी; पडताना बूट स्कीपासून सुटावा म्हणून तेथील पकड मुलाच्या वजनानुसार बसवून घ्यावी. हेल्मेट अनिवार्य समजावे. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्के किरण परावर्तित करू शकतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल आवश्यक असतो. प्रशिक्षक ठरवताना तो एकाच वेळी किती मुलांना शिकवतो आणि यापूर्वी लहान मुलांना शिकवले आहे का, हे विचारावे. पहिल्या दिवशी एक-दोन तासांचा सराव पुरेसा होतो.

निवड

सहा वर्षांखालील मुलांसाठी, जिथे बर्फात खेळणे हाच मुख्य हेतू असतो, मनालीत राहून सोलंगला जाणे सोयीचे ठरते. काही दिवस सलग शिकण्याची इच्छा असलेल्या मुलांसाठी गुलमर्गचे खालचे उतार उपयुक्त आहेत. लांबचा घाटप्रवास सोसू शकणाऱ्या मोठ्या मुलांसाठी औलीचा विचार करता येईल. ठिकाण कोणतेही असो, पहिल्या उतारावर भ्यालेले मूल पुन्हा स्कीवर उभे राहण्यास सहसा तयार होत नाही. त्यामुळे पहिला उतार अगदी सौम्य असणे, हीच निवडीची पहिली अट मानावी.