जिथे डीएमएचा हात पोचत नाही

इंटेलची ८२३७ ही चिप मुळात आठ-बिटी प्रोसेसरांच्या जमान्यातली. तिचा पत्ता १६ बिटांचा, म्हणजे धाव ६४ केबीपर्यंत. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला तेव्हा डीएमएसाठी, म्हणजे फ्लॉपीवरचा डेटा प्रोसेसरला न गुंतवता परस्पर मेमरीत टाकण्यासाठी, हीच चिप घेतली. पीसीचा ८०८८ प्रोसेसर मात्र २० बिटांच्या पत्त्याने १ एमबी मेमरी बघू शकत होता. चार बिट कमी पडले. मग शेजारी एक छोटं ‘पेज रजिस्टर’ बसवून वरचे चार बिट तिथे ठेवले.

काम स्वस्तात भागलं, पण सांधा उघडाच राहिला. ८२३७ पत्ते मोजत ६४ केबीच्या टोकाला आली की पुढचा हातचा पेज रजिस्टरला मिळतच नाही. समजा हद्द ५१२ बाइटवर आली आहे आणि आपण १०२४ बाइट मागवले. पहिले ५१२ जागच्या जागी बसतात. उरलेले ५१२ हद्दीपलीकडे न जाता त्याच ६४ केबीच्या तुकड्याच्या सुरुवातीला जाऊन पडतात आणि तिथे जे काही असेल ते पुसून टाकतात. चिपकडून तक्रार नाही, काही नाही. म्हणून बायॉस आधीच हिशेब करून, हद्द ओलांडली जाणार असेल तर ०९ हा एरर कोड परत करत असे.

त्यावरचा तोडगा साधा होता. हद्द न ओलांडणारी थोडी मेमरी आधीच अडवून ठेवायची, डेटा तिथे उतरवायचा आणि मग प्रोसेसरने तो हव्या त्या जागी कॉपी करायचा. हाच बाउन्स बफर. लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरमध्ये आजही ही हद्द तपासणारा ‘क्रॉस ६४ केबी’ नावाचा मॅक्रो सापडतो.

१९८४ च्या पीसी-एटीमध्ये पत्ता २४ बिटांचा झाला, म्हणजे १६ एमबी. तेव्हा एवढी मेमरी घरच्या मशीनमध्ये घालणार कोण? पण पुढच्याच वर्षी ३८६ आला, त्याची नजर ४ जीबीपर्यंत. कार्डं बसवायच्या आयसा स्लॉटला मात्र पत्त्याच्या तारा २४ च राहिल्या. त्यामुळे ८२३७ ला वगळून स्वतःच डीएमए करणारं अडॅप्टेकच्या १५४२ सारखं स्कझी कार्डही १६ एमबीपाशी थांबायचं. मर्यादा आता चिपमध्ये नव्हती, खाचेत होती.

डॉसवाल्यांना हे वेगळ्याच वाटेने भोवलं. ईएमएम३८६ हा मेमरी मॅनेजर चालू असला की प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि खरा पत्ता जुळेलच असं नसे, आणि स्वतः डीएमए करणारं कार्ड बिनदिक्कत भलत्याच ठिकाणी लिहायचं. म्हणून कॉन्फिग.सिसमध्ये स्मार्टड्राइव्ह या डिस्क-कॅशची ‘डबल बफर’वाली ओळ घालायची, म्हणजे पुन्हा बाउन्स बफरच. ती खरंच लागते का हे बघायचं तर ‘स्मार्टड्राइव्ह’ टाइप करून ‘बफरिंग’चा रकाना वाचायचा. सगळीकडे ‘नो’ आलं की ओळ काढून टाकायची. पण लागत नसतानाही ती तशीच ठेवलेली मशीन काही कमी नव्हती. कॉन्फिग.सिसमधली ओळ काढायला धाडस लागतं.

लिनक्सने पहिल्या १६ एमबीचा वेगळा ‘डीएमए झोन’ केला. सुरुवातीला तिथली जागा मागणं आणि कॉपी करणं ही ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरची डोकेदुखी होती, त्यामुळे तेच गणित ठिकठिकाणी, कुठे बरोबर तर कुठे चूक. माझ्या मते खरी मजल त्यानंतरची. ड्रायव्हरने फक्त ‘माझं कार्ड इतके बिट पत्ता बघतं’ असा मास्क द्यायचा आणि बफर मॅप करून मागायचा. कॉपी करायची की नाही ते कर्नल ठरवणार. विंडोज एनटीमध्येही ‘मॅप रजिस्टर’ या नावाखाली हीच सोय होती. सगळे ड्रायव्हर-लेखक ती नीट पाळत असते तर ३२-बिटी एक्सपीला ४ जीबीपाशी थांबवावं लागलं नसतं. मायक्रोसॉफ्टने ते कुंपण घातलं ते वरचे पत्ते बघून कोलमडणाऱ्या ड्रायव्हरांमुळे.

६४-बिटी मशीन आल्यावर तोच खेळ ४ जीबीवर रंगला. इटेनियम प्रोसेसरसाठी लिहिलेला ‘एसडब्ल्यूआयओटीएलबी’ हा कोड सगळीकडे पसरला. हा बूट होतानाच ४ जीबीच्या खालची ६४ एमबी मेमरी अडवतो आणि पोच नसलेल्या कार्डांचा डेटा तिथून फिरवतो. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये तर काही उपकरणांचं डीएमए पहिल्या १ जीबीपुरतंच निघालं. त्यामुळे आर्म-६४ वर डीएमए झोन आणावा लागला, तो लिनक्स ५.५ मध्ये.

२०२१ मध्ये लिनक्स ५.१३ मधून स्कझीसाठीचं आयसाचं बाउन्सिंग काढून टाकलं. तोपर्यंत तोडग्याला नवं गिऱ्हाईक मिळालं होतं. एएमडीच्या एसईव्हीमध्ये व्हर्च्युअल मशीनची मेमरी एन्क्रिप्ट केलेली असते, यजमान मशीनला ती वाचता येऊ नये म्हणून. मग त्या यजमानाने पुरवलेल्या नेटवर्क कार्डला पॅकेट द्यायचं कसं? उघड्या मेमरीतला बाउन्स बफर वापरून. इथे हात न पोचणं हा दोष नाही, तीच तर अट आहे. आणि एकूण एक पॅकेट, डिस्कचा एकूण एक ब्लॉक इथूनच जाणार म्हटल्यावर ६४ एमबी कुठले पुरायला? लिनक्स ५.११ पासून अशा मशीनमध्ये एकूण मेमरीच्या ६ टक्के, जास्तीत जास्त १ जीबी, निव्वळ या कॉपीसाठी बाजूला ठेवली जाते.